वाऱ्यात कॅरव्हॅन ओढायला पिकअप कोणती? आधी वजनकाट्यावर जा, मग शोरूममध्ये

गंगापूर रोडवरच्या एका जोडप्याचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे एका ॲक्सलचा कॅम्पर ट्रेलर आहे. बॉडी साधारण पाच मीटर लांब, बनवणाऱ्याच्या कागदावर वजन ११०० किलो. सध्या तो एका मध्यम आकाराच्या एसयूव्हीला जोडतात. मेच्या शेवटी मालेगावकडे जाताना चांदवडच्या पुढे आडवा वारा लागला आणि मागचं धूड असं डोलायला लागलं की स्टेअरिंग हातात राहीना. सोबत आई होत्या, त्यांना पाठीचा त्रास आहे. आता पिकअप घ्यायची म्हणतात. टोयोटाची हायलक्स, इसुझुची व्ही-क्रॉस की महिंद्राची बोलेरो कॅम्पर? वाऱ्यात स्थिर हवी आणि आईंना बसायला सुखाची हवी.

आपल्याकडे नुसतं ‘कॅम्पर’ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बोलेरो कॅम्परच येते, म्हणून मागच्या घराला मी पुढे कॅरव्हॅनच म्हणतो.

उत्तर आधी देतो. तुमच्या वजनाच्या कॅरव्हॅनला हायलक्स आणि व्ही-क्रॉस दोन्ही पुरतात, आणि आईंचा विचार केला तर दोन्हींतली ऑटोमॅटिकच बघा. बोलेरो कॅम्पर या कामाला घेऊ नका. पण आज लगेच शोरूममध्ये जाऊ नका. चांदवडला जे झालं त्यात पुढच्या गाडीचा वाटा किती आणि कॅरव्हॅन भरण्याच्या पद्धतीचा किती, हे कळल्याशिवाय एवढी महागडी गाडी घेतली, तर तोच डोल नव्या गाडीच्या मागे जाऊन बसेल. तुमच्या वर्णनावरून मला कॅरव्हॅनचा वाटा मोठा वाटतो. अंबडला मी सव्वीस वर्षं ट्रेलर बनवतो आणि दुरुस्त करतो. सुरुवात जनरेटरच्या आणि द्राक्षबागेच्या ब्लोअरच्या ट्रॉल्यांपासून झाली, गेली अकरा वर्षं कॅरव्हॅनही येतात. ‘गाडी डोलते’ म्हणून आलेल्यांपैकी बहुतेकांची कॅरव्हॅन उलाळ भरलेली निघाली.

उलाळ हा शब्द शहरात आता फारसा ऐकू येत नाही. माझे आजोबा निफाडकडचे, बैलगाडीने कांदा लासलगावला न्यायचे. गाडी भरताना ते एकच गोष्ट परत परत बघायचे, गाडी उलाळ झाली का धुरजड. मागे भार जास्त झाला की जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो, ती उलाळ. पुढे जास्त झाला की सगळं ओझं बैलांच्या मानेवर, ती धुरजड. चांगला गाडीवान गाडी किंचित धुरजड ठेवायचा, म्हणजे जू मानेवर नीट बसून राहतं. कॅरव्हॅनचं शास्त्र याच्यापेक्षा वेगळं नाही. जू म्हणजे तुमच्या हिचचा, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीचा, बॉल, आणि त्याच्यावर खाली दाबणारं वजन म्हणजे नाकाचं वजन.

हे वजन किती असावं यावर जगात दोन मतं आहेत. युरोपात एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्क्यांच्या आसपास ठेवतात, कारण तिथल्या कॅरव्हॅन हलक्या, वेगमर्यादा कमी आणि गाड्यांच्या हिचची मर्यादाही लहान. अमेरिकेत १० ते १५ टक्के ठेवतात, तिथे गाड्या अवजड आणि वेग जास्त. आपल्या रस्त्यांवर, आपल्या पिकअपला मी ८ ते १० टक्के धरतो. भरलेली कॅरव्हॅन १३०० किलो झाली तर बॉलवर १०५ ते १३० किलो. हिचवर आणि गाडीच्या पुस्तकात कमाल आकडा याहून कमी दिला असेल तर अर्थात तो आकडा पाळायचा. नाक हलकं पडलं, म्हणजे ४०-५० किलोवर आलं, की वाऱ्याने शेपटीला दिलेला पहिला धक्का विरायच्या ऐवजी वाढत जातो. उजवीकडे, मग डावीकडे, प्रत्येक वेळी थोडा जास्त. तुम्ही लिहिलंय तसंच.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे वजन कुठे आहे. एका गिऱ्हाइकाच्या कॅरव्हॅनमध्ये मी स्वतः इन्व्हर्टरच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या मागच्या पलंगाखाली बसवल्या होत्या. तिथे जागा होती, वायर जवळ पडत होती. समोर तोल साधायला गॅस आणि अवजारांची पेटी नाकाजवळ ठेवली. काट्यावर नाकाचं वजन बरोबर आलं, मी समाधानी. पहिल्याच फेरीला राहुड घाटाच्या उतारावर एक कंटेनर बाजूने गेला आणि ती जी झुलली, ती सरळ व्हायला अर्धा किलोमीटर गेला. गाडी मीच चालवत होतो. नाक बरोबर असूनही असं झालं, कारण दोन्ही टोकांना भार होता. ५० किलोची बॅटरी चाकापासून अर्ध्या मीटरवर असेल तर कॅरव्हॅनला फिरवण्या-थांबवण्यात तिचा वाटा एक धरा. तीच सव्वादोन मीटरवर नेली की वाटा वीसपट होतो, कारण अंतराचा वर्ग धरावा लागतो. दोन्ही टोकांना जड असलेली वस्तू उशिरा हलते खरी, पण एकदा हलली की थांबता थांबत नाही. परत आल्यावर दोन्ही बॅटऱ्या ॲक्सलच्या डोक्यावर आणल्या. तेव्हापासून माझ्याकडे एक नियम आहे. बॅटरी, पाण्याची टाकी, किराणा, डबे, सगळं जड सामान ॲक्सलच्या वर किंवा हातभर पुढे आणि जमिनीलगत. मागच्या पलंगाखाली फक्त गाद्या-पांघरुणं. एसी टपावर असेल तर तो तिथेच राहणार, पण त्याच्या जोडीला टपावर सायकली आणि तंबू चढवू नका.

तुमची पाण्याची टाकी कुठे आहे ते जरूर बघा. १०० लिटर म्हणजे १०० किलो, आणि टाकी मागे असेल तर नाकावरचं बरंचसं वजन एकटी खाऊन टाकते. अर्धी भरलेली टाकी तर आणखी वाईट, पाणी आत हिंदकळतं आणि डोलाला साथ देतं. प्रवासात ती पूर्ण भरा नाहीतर पूर्ण रिकामी करा. मी रिकामी ठेवतो आणि वीस-वीस लिटरचे कॅन पिकअपच्या हौद्यात, कॅबच्या भिंतीला टेकवून नेतो.

आता वजन. प्रवासाला निघताना भरता तशीच कॅरव्हॅन भरा आणि जवळच्या वजनकाट्यावर न्या. आडगावच्या बाजूला ट्रकवाल्यांसाठी काटे आहेत, सकाळी लवकर गेलात तर गर्दी नसते. गाडी जोडलेली असताना फक्त कॅरव्हॅनची चाकं काट्यावर घ्या, मग कॅरव्हॅन सोडून तिचं पूर्ण वजन करा. दोन्हींतला फरक म्हणजे नाकाचं वजन. पण मोठ्या काट्याचा आकडा पाच-दहा किलोच्या टप्प्याने सरकतो, त्यामुळे नाकाचं वजन घरी परत तपासा. न्हाणीघरातला साधा वजनकाटा त्यासाठी पुरतो. तीन फुटांची एक मजबूत पट्टी घ्या, तिचं एक टोक विटेवर आणि दुसरं काट्यावर ठेवा. विटेपासून एक फुटावर, म्हणजे काट्यापासून दोन फुटांवर, कपलरचा, म्हणजे कॅरव्हॅनच्या नाकाच्या बॉलवर बसणाऱ्या टोकाचा, भार द्या. काटा जे दाखवेल त्याला तीनने गुणा. कॅरव्हॅन सपाट जमिनीवर आणि नेहमी जोडता त्याच उंचीला हवी, चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर हवी. कागदावरच्या ११०० किलोंवर विसंबू नका. तो आकडा बहुतेक वेळा रिकाम्या ढाच्याचा असतो, आणि नंतर बसवलेला एसी, छत्री, बॅटरी, भांडीकुंडी धरली की दीड-दोनशे किलो कुठेच गेले नाहीत.

वारा किती जोर लावतो ते एकदा आकड्यात बघून घ्या. पाच मीटर लांब आणि सव्वादोन मीटर उंच भिंत म्हणजे अकरा चौरस मीटर. ताशी ४० किलोमीटरचा आडवा वारा या भिंतीवर साधारण १०० किलोचा दाब देतो. वारा ताशी ६० झाला की दाब दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपास. त्यात तुम्ही स्वतः धावत असता, त्यामुळे हवेचा मारा तिरपा आणि आणखी जोराचा होतो. नाशिकहून मालेगावचा रस्ता ईशान्येला जातो आणि मे महिन्यात दुपारनंतर आपल्याकडे पश्चिम-वायव्येचा वारा सुटतो, म्हणजे तो बरोबर डाव्या बगलेत बसतो. तिथून पुढे साक्रीच्या पठारावर पवनचक्क्यांचं अख्खं रान उभं आहे, त्यावरून त्या भागातल्या वाऱ्याची कल्पना करा. सतत वाहणाऱ्या वाऱ्याशी हात जुळवून घेतात. घात करतो तो झोत. घाटातली खिंड संपते तिथे, पुलावर, समृद्धीवर बोगद्यातून बाहेर पडताना, किंवा बाजूने जाणारा कंटेनर वारा क्षणभर अडवून परत सोडतो तेव्हा.

इथून पुढे पिकअपचा भाग. या दाबाला पुढची गाडी कशी उत्तर देते हे इंजिनावर ठरत नाही. ताकद चढाला लागते, स्थिरता दुसऱ्याच गोष्टींतून येते. पहिली गोष्ट व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकातलं अंतर. दुसरी, मागच्या चाकापासून बॉल किती मागे आहे. कॅरव्हॅन बॉलला बाजूने ढकलते तेव्हा मागच्या चाकाचा टेकू होतो, आणि चाकामागचा भाग पहारीसारखा काम करतो. पहार जितकी लांब तितका धोंडा सहज हलतो, तसं चाकामागचं अंतर जितकं जास्त तितकं तुमच्या गाडीचं तोंड सहज फिरतं. व्हीलबेस लांब असला की त्याच धक्क्याला गाडी कमी वळते. हायलक्सचा व्हीलबेस ३०८५ मिलिमीटर आहे, व्ही-क्रॉसचा ३०९५. हायलक्सच्याच घराण्यातल्या फॉर्च्युनरचा २७४५. पिकअपचं दुखणं म्हणजे हौद्यामुळे तिची शेपूट लांब असते, त्यात वर्कशॉपवाल्याने हिचचा पाइप आणखी पंधरा-वीस सेंटिमीटर बाहेर काढला की व्हीलबेसमधून कमावलेलं बरंचसं तिथे गमावलं. हिच बसवताना बॉल बंपरच्या जितका जवळ ठेवता येईल तितका ठेवायला सांगा. फक्त वळताना आणि हौद्याचं फळकं उघडताना कॅरव्हॅनच्या नाकाला लागता कामा नये. फीत घेऊन स्वतः मोजा. मागच्या चाकाच्या मध्यापासून बॉलपर्यंत १.३ मीटरच्या आत बसलं तर छान.

तिसरी गोष्ट वजन. ब्रिटनमध्ये नवख्यांना एक सल्ला देतात, कॅरव्हॅनचं भरलेलं वजन ओढणाऱ्या गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. तिथला हा कायदा नाही, अनुभवाचा आडाखा आहे, आणि वाऱ्याच्या दिवशी त्याची किंमत कळते. डबल कॅब हायलक्स किंवा व्ही-क्रॉस दोन टनांच्या आसपास भरतात, तुमची कॅरव्हॅन १३०० किलो धरली तरी ६५ टक्के. तुमची आताची एसयूव्ही दीड टनाच्या आतली असेल तर तेच प्रमाण ८५ टक्क्यांच्या वर गेलं. परदेशात याच गाड्यांना ३५०० किलो ओढायची परवानगी आहे असं तुम्हाला व्हिडिओत दिसेल. ते तिकडच्या मॉडेलचे, तिकडच्या हिचचे आणि ब्रेक असलेल्या ट्रेलरचे आकडे आहेत. इथल्या गाडीसाठी इथल्या कंपनीने लेखी दिलेला आकडाच धरा, आणि तो विकत घेण्याआधी मागा.

चौथी गोष्ट टायर. तुमच्या प्रश्नात टायरचा उल्लेखच नाही, आणि निम्मं काम तिथे होतं. आपल्याकडे पिकअप घेतली की पहिल्या महिन्यात तिला उंच करून जाडजूड मातीचे टायर घालायची हौस आहे. दिसायला रुबाबदार दिसते हे खरं. पण उंच भिंतीचा, खोल गोट्यांचा टायर बाजूच्या दाबाला वाकतो, आणि तो वाकतो तेव्हा अख्खी गाडी बाजूला सरकल्यासारखी वाटते. ओढकामाला कंपनीच्या मापाचे, रस्त्याचे टायर ठेवा, उंची वाढवू नका. मागच्या चाकांत हवा दरवाजाच्या स्टिकरवर पूर्ण लोडसाठी दिलीय तेवढी भरा, आणि ती सकाळी टायर थंड असताना. कॅरव्हॅनच्या टायरवर लोड इंडेक्सचा आकडा असतो. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, ११० म्हणजे १०६०. दोन टायरवर १३०० किलो असतील तर १०० चा टायर आकड्यात बसतो, पण खड्ड्यांचा विचार करता मी १०४ च्या खाली जात नाही. पाच-सहा वर्षं जुना टायर नक्षी शाबूत असली तरी बदला. कॅरव्हॅन महिनोन्महिने उन्हात एका जागी उभी असते, रबर आतून तडकतं.

आता आईंची पाठ. पिकअपच्या मागे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, असतात, कारण हौदा माल वाहायला असतो. रिकामी असताना पाटे कडक लागतात आणि मागच्या सीटवर बसलेल्याला प्रत्येक स्पीडब्रेकर कळतो. हायलक्स आणि व्ही-क्रॉस दोन्हींना मागे पाटेच आहेत, पुढे मात्र स्वतंत्र सस्पेन्शन. बोलेरो कॅम्पर मी नको म्हणतो ते इथेच. सातपूरला बनणाऱ्या बोलेरोवर आपल्या जिल्ह्याचा जीव आहे. दिंडोरी-पिंपळगावची द्राक्षं तिच्याच भावंडांनी वाहिली, आणि शेतातल्या ट्रॉलीला तिच्यासारखी गाडी नाही. पण ७५ हॉर्सपॉवरमध्ये कसाऱ्याचा चढ कॅरव्हॅनसकट चढताना मागे रांग लागते आणि तिचे पाटे मालासाठी आहेत, पाठीच्या रुग्णासाठी नाहीत. टाटाची झेनॉन आणि महिंद्राची गेटअवे या पिकअप जुन्या बाजारात स्वस्त मिळतात, पण बंद झालेल्या गाड्या आहेत, दूरच्या प्रवासात एखादा पार्ट अडला तर आईंना घेऊन लॉजवर राहावं लागेल.

कॅरव्हॅन जोडल्यावर एक चांगली गोष्ट होते, नाकाच्या वजनाने पाटे थोडे दबतात आणि गाडी मऊ होते. हौद्यात, मागच्या ॲक्सलच्या पुढे, ऐंशी-शंभर किलो सामान ठेवलं तर आणखी मऊ. पण गाडीच्या एकूण वजनाची मर्यादा सांभाळा. काही डबल कॅबना माणसांखेरीज वाहून न्यायला जेमतेम दोन-अडीचशे किलोची मुभा आहे आणि बॉलवरचे १२० किलो त्याच हिशेबात येतात. तिथे व्ही-क्रॉस घेताना पुस्तक खास बारकाईने वाचा. बॉलवर १२० किलो टाकले तर मागच्या ॲक्सलवर १७० किलो चढतात आणि पुढच्या चाकांवरून ५० उतरतात, कारण गाडी मागच्या चाकावर तराजूसारखी तोलली जाते. पन्नास किलो पिकअपला जड नाहीत. नाक २०० किलोवर नेलं तर मात्र स्टेअरिंग हलकं पडायला लागतं. गाडी मागून बसली म्हणून कोणी जादा पाटा टाकून देतो म्हणालं तर थांबा. पाट्याने शेपूट वर येते, पुढच्या चाकांवरून गेलेलं वजन परत येत नाही, आणि आईंना मात्र तो पाटा रोज जाणवतो.

खरा त्रास होतो तो उचक-आपटीचा. समृद्धीच्या काँक्रीटवर किंवा पुलांच्या सांध्यांवर कॅरव्हॅन मागून ठराविक तालात ढकलते आणि गाडी पुढे-मागे झुलते. याला लांब व्हीलबेस, चांगले शॉकॲब्सॉर्बर आणि पुन्हा तेच, टोकांना हलकी कॅरव्हॅन, एवढाच उपाय. गाडी जुनी घेणार असाल तर शॉक नवे टाकूनच चालवा. पाठीसाठी आईंना पुढच्या डाव्या सीटवर बसवा, मागे नको. दोन ॲक्सलच्या मधली जागा सगळ्यात कमी उसळते.

हायलक्स की व्ही-क्रॉस, यात माझा कल किंचित हायलक्स ऑटोमॅटिककडे आहे. २.८ लिटरचं इंजिन, २०४ हॉर्सपॉवर, ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर. चढाला गाडी दमत नाही, गिअर सारखे खाली-वर होत नाहीत आणि आवाज चढत नाही, हाही आरामच आहे. व्ही-क्रॉस १.९ लिटर, १६३ हॉर्सपॉवर, ३६० न्यूटन-मीटर. तुमच्या वजनाला ती पुरते, कसाऱ्याला थोडा घाम काढेल. तिचे पाटे मला जरा मऊ वाटले, पण हे ज्याच्या-त्याच्या पाठीवर आहे. ऑटोमॅटिक म्हणतो ते चढावर थांबून निघताना आणि कॅरव्हॅन मागे घेताना क्लच जळू नये म्हणून. फोर-बाय-फोरचा वाऱ्यात उपयोग नाही. कोरड्या डांबरावर फोर-हाय, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा नेहमीच्या वेगाचा टप्पा, लावून तर अजिबात चालवू नका, गिअरबॉक्सच्या आत ताण साठतो. भंडारदऱ्याच्या ओल्या कुरणातून कॅरव्हॅन बाहेर काढायला मात्र ते लागतं. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी, म्हणजे गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी सोय, असलेलंच मॉडेल घ्या. ट्रेलरचा डोल ओळखून चाकांना एकेकट्याने ब्रेक लावणारी वेगळी सोय त्यात आहे का आणि बाहेरून बसवलेल्या हिचबरोबर ती चालते का, हे शोरूमला लेखी विचारा.

कॅरव्हॅनला स्वतःचे ब्रेक आहेत का हे तुम्ही लिहिलं नाहीत. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत. तुमच्याकडे नसतील तर पिकअपच्या बजेटमधून पहिले पैसे त्यावर खर्च करा, मग पुढचं. बॉलला आवळून धरणारा स्टॅबिलायझर कपलरही मिळतो, तो छोटे डोल उठू देत नाही. पण उलाळ कॅरव्हॅनला तो औषध नाही, तो दुखणं झाकतो आणि ते जास्त वेगाला उघडं पडतं. बॉलचं माप तपासा. युरोपी बॉल ५० मिलिमीटरचा, अमेरिकी दोन इंचाचा म्हणजे ५०.८ चा. ०.८ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण दोन इंची कपलरमध्ये ५० चा बॉल सैल बसतो आणि खड्ड्यात निसटू शकतो. जोडल्यावर कॅरव्हॅन सपाट किंवा नाक बोटभर खाली असावं. नाक वर असेल तर बॉलचा दांडा बदला. पिकअपची उंची एसयूव्हीपेक्षा वेगळी असणार, म्हणजे हे काम नक्की निघेल.

कागदांचं थोडक्यात. ट्रेलरची नोंदणी स्वतंत्र असते, ती आहे ना बघा. हिच चासीला बोल्टने बसणारा घ्या, वेल्डिंग करून जोडलेला नको, आणि विमा कंपनीला ओढकामाचं लेखी कळवा.

गाडी पसंत करताना शोरूमची दोन किलोमीटरची चक्कर उपयोगाची नाही. ओळखीत कोणाची हिच लावलेली गाडी असेल तर तुमची कॅरव्हॅन जोडून पाथर्डी फाट्याहून घोटीपर्यंत जाऊन या, दुपारी तीननंतर, वारा असताना. ताशी ६० ला स्टेअरिंग अगदी थोडं हलवून सोडा. मागचा डोल एक-दोन झोल्यांत थांबला पाहिजे. मग ७० ला तेच करा. तिसरा-चौथा झोला आला तर वेग तिथेच थांबवा आणि परत काट्यावर या. प्रत्येक जोडीचा एक वेग असतो, त्याच्या खाली डोल विरतो आणि वर गेलं की वाढतो. भार नीट लावल्यावर तो वेग तुमच्या नेहमीच्या वेगाच्या बराच वर जायला हवा. मी स्वतः हायवेला ७० ते ७५ च्या वर जात नाही, समृद्धीवरसुद्धा.

आणि चांदवडसारखं परत झालंच तर हात सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा, गाडी आपोआप हळू होऊ द्या. डोलाच्या उलट स्टेअरिंग फिरवत बसू नका, आपला हात नेहमी अर्धा झोला उशिरा पोचतो आणि डोल वाढवतो. गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका. कॅरव्हॅनला वेगळा इलेक्ट्रिक ब्रेक असेल तर तेवढाच हाताने लावा, तो तिला मागून ताणून सरळ करतो. वेग वाढवून बाहेर पडायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. घाटाच्या उतारावर आधीच खालचा गिअर घ्या, उतारात कॅरव्हॅन गाडीला ढकलते आणि डोल तिथेच लवकर उठतो. मे-जूनमध्ये लांबचं जायचं असेल तर पहाटे निघून अकराच्या आत पोचा. वळवाचं आभाळ दिसलं तर ढाब्यावर गाडी लावा, तोंड वाऱ्याकडे करून, आणि चहा घ्या.

काट्याची चिठ्ठी हातात आली की मला चार आकडे कळवा: भरलेल्या कॅरव्हॅनचं एकूण वजन, नाकाचं वजन, पाण्याची टाकी ॲक्सलपासून किती फूट पुढे किंवा मागे आहे, आणि तुमच्या आताच्या गाडीचं रिकामं वजन. त्यावरून सांगता येईल की सामान हलवून याच गाडीवर हिवाळा काढता येतो का. येत असेल तर पिकअप दिवाळीनंतर निवांत बघा, आणि चाचणीला आईंना सोबत न्या, कारण त्यांना सीट कशी वाटते हे त्याच सांगू शकतात.